मुहंदिस आणि आपला अंदाज



मागे मी या पानावर सिल्वासाच्या जुन्या बँकिंगबद्दल लिहिलं होतं, तेव्हा खाली दोघातिघांनी विचारलं, "साहेब, तुम्ही म्हणे या वयात अरबी अक्षरं गिरवताय, ते काय प्रकरण आहे?" प्रकरण सांगण्यासारखं आहे, म्हणून आज सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी माझी ओळख, नवीन मंडळींसाठी. मी दिंडोरी तालुक्यातला, नाशिक जिल्ह्याचा. बी.कॉम. झालो, राष्ट्रीयीकृत बँकेत लागलो, बदल्या होत होत सिल्वासाला आलो आणि नोकरी संपल्यावर इथं सुरंगीतच राहिलो. गंमत म्हणजे आपली दमणगंगाही दिंडोरी तालुक्यातच उगम पावते. सुमारे १३१ किलोमीटर वाहून ती दमणजवळ अरबी समुद्राला मिळते. मी तिच्या वाटेवर मध्येच थांबलो, एवढाच फरक.

ज्या शब्दाने मला अरबीकडे ओढलं तो शब्द आहे 'मुहंदिस'. अर्थ, इंजिनीअर. अरबीत तो पाच अक्षरांत लिहितात : मीम, हे, नून, दाल, सीन. ऱ्हस्व स्वर लिहायची पद्धत नाही, ते वाचणाऱ्याने मनात भरायचे. माझे वडील मोडी वाचायचे. मोडीतही ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ नसायचा, संदर्भानं वाचायचं. त्यामुळे ही तऱ्हा मला अगदीच परकी वाटली नाही.

अक्षरं शिकवली ती माझ्या एका जुन्या खातेदाराने. बोहरी समाजातले, हार्डवेअरचे व्यापारी. बोहरी मंडळींची घरची भाषा गुजरातीच्या वळणाची असते, पण ती ते अरबी लिपीत लिहितात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. निवृत्तीनंतर मी संध्याकाळी त्यांच्या दुकानात बसायचो. गिऱ्हाईक नसलं की खिळ्यांच्या पुड्यावर पेन्सिलीने ते अक्षर काढून दाखवायचे. सहा महिन्यांत मला अक्षर लावून वाचता यायला लागलं. भाषा येत नाही हो, नुसती लिपी आणि शे-दोनशे शब्द. पण बँकेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते. फॉर्म समजायला सगळी भाषा यावी लागत नाही, रकाने समजले की पुरतं.

आता हा रकान्यांचा विषय का निघाला ते सांगतो.

आपल्या भागात ऐंशी-नव्वदच्या दशकांत करसवलतींमुळे कारखाने आले. सुरंगी, आपटी, खडोली, नरोली, जिकडे बघावं तिकडे धाग्याचे, प्लास्टिकचे, औषधांचे कारखाने. खानदेशातून, नाशिककडून, कोकणातून माणसं आली. त्यांची मुलं इथंच शिकली, आयटीआय झाली, डिप्लोमा झाली. आणि आता त्यातली काही आखाताकडे बघतात. पगार बरा, घराचं कर्ज फिटतं, बहिणीचं लग्न होतं. चूक काहीच नाही त्यात.

आखातात परवान्यावर, म्हणजे ज्याला सौदीत इकामा म्हणतात त्यावर, एक रकाना असतो : पेशा. तिथं अरबीत जे लिहिलंय ते खरं. इंग्रजी पत्रात काही का लिहिलेलं असेना. सौदीच्या कामगार कायद्यात तर स्पष्टच आहे, की करार अरबीत असावा आणि दुसऱ्या भाषेतला मजकूर वेगळा निघाला तर अरबी मजकूर ग्राह्य धरावा. 'मुहंदिस' लिहायचं असेल तर पदवी लागते, ती तपासली जाते, तिथल्या इंजिनीअरांच्या परिषदेकडे नोंदणी लागते. त्याखालचा शब्द 'फन्नी', म्हणजे तंत्रज्ञ. आणि त्याहून खाली 'आमिल', म्हणजे कामगार. मजूर. त्याच्यापुढे आणखी एक शब्द बऱ्याचदा असतो, 'आदी', म्हणजे साधा. 'आमिल आदी', साधा मजूर. या एका रकान्यावर पगार, बायकोमुलांना नेता येईल की नाही, पुढे दुसरीकडे नोकरी बदलता येईल की नाही, हे सगळं अवलंबून असतं.

आमच्या गल्लीतल्या एका मुलाचं असंच झालं. नाव-गाव सांगत नाही. वडील धाग्याच्या कारखान्यात मशीनवर, मूळ धुळ्याकडचे. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमा, तीन वर्षं मेंटेनन्सचा अनुभव. एका एजंटामार्फत पत्र आलं, इंग्रजीत, त्यावर हुद्दा 'मेंटेनन्स इंजिनीअर'. घरात पेढे वाटले. एजंटाने मागितले लाखभर रुपये. सरकारने नोंदणीकृत एजंटासाठी ठरवलेली कमाल फी तीस हजार रुपये अधिक कर एवढीच आहे, पण हे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. वडील बायकोचं सोनं तारण ठेवायला निघाले होते. जायच्या आधी मुलगा माझ्याकडे आला, "काका, बँकेला कुठली कुठली कागदपत्रं लागतील तेवढं सांगता का?"

मी म्हटलं, सगळेच कागद आण. त्यात परवान्याची झेरॉक्स होती, पूर्ण अरबीत. मी चष्मा लावून पेशाचा रकाना शोधला. मीम-हे-नून-दाल-सीन कुठे दिसेना. तिथं होतं ऐन, अलिफ, मीम, लाम. आमिल. पुढे आदी. दोनदा वाचलं, मग खात्री करायला दुकानात गेलो. भाईसाहेबांनी बघितलं आणि मान हलवली.

पगाराचा आकडाही बघितला. अरबी आकड्यांत पाच हा आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. सहाचा आकडा इंग्रजी सातासारखा दिसतो. त्यामुळे घाईत वाचणाऱ्याला भलतंच वाटतं. इंग्रजी पत्रातल्या पगारापेक्षा अरबी कागदावरचा पगार निम्म्याहून कमी होता.

एजंटाला फोन लावला तर उत्तर ठरलेलं : "तिकडे गेल्यावर बदलून मिळेल, सगळ्यांचं असंच असतं." वडील मला म्हणाले, "साहेब, पोरगं तर म्हणतंय जाऊ दे, तिकडे बघून घेईन." मी त्यांना एवढंच म्हटलं, की दादा, बँकेत कुणी कोऱ्या कागदावर सही मागितली तर तुम्ही देता का? हा तर लिहिलेला कागद आहे, आणि तुमच्या विरुद्ध लिहिलेला आहे. सोनं घरीच राहिलं. पुढे आठ-नऊ महिन्यांनी त्या मुलाला दुसरीकडून संधी आली, नोंदणीकृत एजंटाकडून. त्या कागदावर होतं 'फन्नी सियाना', देखभाल तंत्रज्ञ. डिप्लोमावाल्याला हेच खरं आणि रास्त. तो गेला. आता पैसे पाठवतो, बाप दर महिन्याला पासबुक भरून घेतो आणि मला दाखवायला आणतो.

मंडळी, या निमित्ताने मी 'मुहंदिस' शब्दाच्या मागे लागलो, आणि मग एक वेगळंच घबाड हाती लागलं.

मोबाईलवर एक मजकूर फिरतो, की अरबीत भूमितीला आणि इंजिनीअरिंगला 'हंदसा' किंवा 'हिंदसा' म्हणतात ते 'हिंद'वरून, म्हणजे हे शास्त्र आपणच त्यांना दिलं. वाचायला छान वाटतं. पण हजारेक वर्षांपूर्वी जौहरी नावाचा मोठा अरबी कोशकार होऊन गेला, त्याच्या कोशात वेगळीच हकीकत आहे. तो म्हणतो, मूळ शब्द 'मुहंदिझ', आणि तो फारसीवरून घेतलेला. अरबी बोलीत 'द'च्या मागोमाग 'झ' येत नाही, म्हणून लोकांनी 'झ'चा 'स' केला आणि 'मुहंदिस' झाला. आणि मुहंदिझ म्हणजे कोण? जमिनीखालच्या पाण्याचे पाट आणि इमारती यांचं माप ठरवणारा माणूस.

आणि तो फारसी शब्द कोणता? 'अंदाझा'. म्हणजे माप, मोजमाप. आपला 'अंदाज'!

मी तर खुर्चीतच ताठ बसलो. आयुष्यभर मी अंदाजपत्रकं केली. शाखेचं अंदाजपत्रक, ठेवींचा अंदाज, वसुलीचा अंदाज. शेतकऱ्याच्या विहिरीचं कर्ज मंजूर करताना खर्चाचा अंदाज. आणि तिकडे ज्या शब्दासाठी पोरं लाखभर रुपये मोजायला तयार होतात, तो शब्द त्याच घरातला निघाला. आपल्याकडे 'अंदाज' म्हटलं की थोडं ढोबळ वाटतं, "अंदाजे सांग रे" म्हणतो आपण. पण मुळात अंदाज म्हणजे अटकळ नव्हे, अंदाज म्हणजे मोजून ठरवलेलं माप.

तीन शब्द शेजारी ठेवून बघा. इंजिनीअर हा शब्द ज्या लॅटिन मुळातून आला त्याचा अर्थ उपजत बुद्धी. आपला 'अभियंता' आहे, त्यातला 'यंता' म्हणजे संस्कृतात सारथी, लगाम हातात धरणारा. आणि मुहंदिस म्हणजे माप घेणारा. एकाला बुद्धीचं कौतुक, दुसऱ्याला ताब्याचं, तिसऱ्याला मापाचं. मला विचाराल तर बँकवाल्याचं मत तिसऱ्याला. बुद्धी सगळ्यांनाच असते असं प्रत्येकाला वाटतं. माप मात्र घ्यावंच लागतं.

हे पाण्याचे पाट मोजणारे लोक आपल्या महाराष्ट्रात कुणी पाहिले नाहीत असं नाही. मलिक अंबर आठवा. हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियातला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादसारख्या शहरातून फिरत दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. त्या गावाला त्याने जमिनीखालून पाणी आणलं, ती नहर-ए-अंबरी. 'नहर' हाही अरबीच शब्द, मूळ अर्थ नदी. बुऱ्हाणपूरलाही कुंडी भंडारा म्हणून असंच जमिनीखालचं पाणीकाम आहे, आजही लोक बघायला जातात.

या कामात पंप नाही, मोटार नाही. डोंगराच्या पायथ्याला जिथं झिरपा लागतो तिथून गावापर्यंत जमिनीखालून बोगदा न्यायचा, मध्ये मध्ये उभ्या विहिरी ठेवायच्या, हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी. सगळी करामत उतारात. उतार जास्त झाला तर पाणी जोरात धावून तळ खरवडतं आणि बोगदा ढासळतो. कमी झाला तर पाणी रेंगाळतं आणि गाळ बसतो. मैल न् मैल अंधारात हा उतार सांभाळायचा. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला करजी नावाच्या गणित्याने जमिनीखालचं पाणी कसं शोधावं आणि बाहेर काढावं यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. मोठा बीजगणिती माणूस तो. त्याला विहिरींवर लिहिण्यात कमीपणा वाटला नाही. मधुबन धरणाचे कालवे आपल्या भागातून फिरतात, ते बघताना मला आता हे सगळं आठवतं. तोच प्रश्न : किती उतार, किती पाणी, कुणाच्या शेताला, आणि कुणाचं गाव पाण्याखाली. माप चुकलं किंवा एकाच बाजूने घेतलं, तर भोगणारी माणसं ठरावीकच असतात, हे आपल्याकडच्या आदिवासी मंडळींना वेगळं सांगायला नको.

एकदा एक शब्द सापडला की माणूस थांबत नाही. मी इतर पेशांचे शब्दही बघितले. तुम्हालाही मजा येईल.

हिशेबनीस म्हणजे 'मुहासिब'. आपला 'हिशेब' त्यातच बसलाय. मी म्हणजे निवृत्त मुहासिब!

रसायनशास्त्रज्ञ म्हणजे 'कीमियाई'. आपली 'किमया' तीच. सिल्वासाच्या औषध कारखान्यांत बीएस्सी केमिस्ट्री झालेली शेकडो मुलं आहेत. अरे पोरांनो, तुम्ही सगळे किमयागार.

डॉक्टर म्हणजे 'तबीब'. हा शब्द जुन्या मराठीतही होता. आपली 'तब्येत' त्याच्या शेजारची वाटते, पण तिचं मूळ वेगळं आहे. तब्येत म्हणजे मुळात स्वभाव, प्रकृती. दिसतं तसं नसतं, म्हणून धातू बघावा लागतो. 'हकीम' मात्र 'हिकमत' आणि 'हुकूम' यांचा सख्खा भाऊ. एकाच मुळातले तिघे.

आणि औषधं बनवणारा, आपला फार्मासिस्ट? त्याला अरबीत 'सैदली' म्हणतात, जुनं रूप 'सैदनानी'. अल्-बिरूनी, तोच जो महमूद गझनीच्या काळात हिंदुस्थानात राहून संस्कृत शिकला, त्याने औषधींवरच्या आपल्या ग्रंथात या शब्दाचा माग काढलाय. तो म्हणतो, हा चंदनावरून आला. चंदन विकणारा तो सैदनानी. म्हणजे हा शब्द खरोखर आपल्याकडून तिकडे गेलेला. मोबाईलवरचा मजकूर 'हिंदसा'च्या मागे लागतो आणि हा खरा पुरावा पडून राहतो.

एक पोर्तुगीज शब्दही सांगतो, कारण आपल्या भूमीवर त्यांचा अंमल १७८३ पासून १९५४ पर्यंत होता. अरबांनी स्पेन-पोर्तुगालवर शतकानुशतकं राज्य केलं, त्यामुळे पोर्तुगीजमध्येही अरबी शब्द खूप. 'अल्जेब्रिस्ता' म्हणजे बीजगणित जाणणारा. पण जुन्या पोर्तुगीजमध्ये त्याचा आणखी एक अर्थ : मोडलेलं हाड बसवणारा, आपला हाडवैद्य! कारण अरबी 'जब्र' म्हणजे मोडलेलं जागेवर आणणं. नवव्या शतकात बगदादला ख्वारिझ्मीने बीजगणितावर ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातच 'अल्-जब्र' आणि 'मुकाबला' हे दोन शब्द आहेत. जब्र म्हणजे वजा झालेलं पद दुसऱ्या बाजूला नेऊन भरपाई करणं, मुकाबला म्हणजे दोन्ही बाजू समोरासमोर ठेवून सारखं सारख्याशी वळतं करणं. आम्ही बँकेत महिनाअखेरीला दुसरं काय करायचो? आपल्याकडे मात्र मुकाबला म्हटलं की कुस्ती आठवते.

आता खास बँकेचं. तुम्ही मराठीत कर्जाचा अर्ज लिहा : 'मला कर्ज हवे. रक्कम इतकी. मुदत इतकी. जामीन अमुक. मागील बाकी नाही. वसुली नियमित. तारीख अमुक.' यातले कर्ज, रक्कम, मुदत, जामीन, बाकी, वसुली, तारीख, सगळे अरबी मुळाचे! उरतात ते 'मला', 'हवे' यांसारखे शब्द. यातले बहुतेक शब्द थेट अरबांकडून नाही आले, फारसीच्या तोंडून आले. म्हणून तर अरबीतल्या 'कर्द'सारख्या उच्चाराचं फारसीत 'कर्झ' झालं आणि आपल्याकडे 'कर्ज'. 'रक्कम' म्हणजे अरबीत नुसता आकडा. आणि अरब लोक आपल्या आकड्यांना काय म्हणतात? 'अर्काम हिंदिय्या', हिंदी आकडे. आकडे आपण दिले, नाव त्यांनी दिलं, आणि नाव परत आलं ते पैशाचा अर्थ घेऊन. व्याजासकट परतफेड म्हणायची!

पैशावरून आठवलं. आखात आणि आपण यांचं नातं फक्त मजुरीचं नाही. एके काळी कुवेत, बहरीन, कतार, दुबई या बाजूला आपलाच रुपया चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या भागासाठी वेगळ्या रंगाच्या खास नोटा काढल्या, त्यांना गल्फ रुपी म्हणत. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि तो व्यवहार संपला. आज आपली पोरं तिकडून दिनार-दिरहम पाठवतात. चक्र फिरतं.

आणि त्या 'आमिल' शब्दाचं काय? त्याने मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला. अरबीत आमिल म्हणजे काम करणारा. पण हाच शब्द फारसी कारभारातून आपल्याकडे आला तेव्हा आमील म्हणजे सरकारी वसुली अधिकारी! 'अंमल', 'अंमलदार', 'अंमलबजावणी' हे सगळे त्याच मुळाचे. 'मामला' आणि 'मामलेदार' सुद्धा. आपल्या सिल्वासाच्या मामलतदार कचेरीच्या पाटीवर हा शब्द रोज दिसतो. इकडे खुर्चीवर बसलेला तो अंमलदार, तिकडे उन्हात उभा तो आमिल. शब्द एकच. कागद कुणी लिहिला आणि कुणासाठी लिहिला, एवढाच फरक.

काही जण म्हणतील, हे परके शब्द आपल्यात आले याचं कौतुक कशाला? छत्रपती शिवाजी महाराजांनी तर राज्यव्यवहारकोश करवून घेतला. बरोबर आहे. सुमारे १६७७ मध्ये तो सिद्ध झाला, कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, चौदाशेच्या आसपास शब्द. मला त्यामागचं कारण फार पटतं. राज्य आपलं, रयत आपली, मग फर्मान रयतेला परक्या भाषेत का? मी त्याचा अर्थ असा लावतो, की ज्या कागदावर माणसाचं बरंवाईट लिहिलेलं असतं, तो कागद त्या माणसाला कळला पाहिजे. दोन रस्ते आहेत. एक, कागद आपल्या भाषेत आणायचा. तो महाराजांचा रस्ता, राजाला जमतो. दुसरा, कागदाची भाषा आपण शिकायची. तो आपल्यासारख्या प्रजेचा रस्ता. दुसऱ्याच्या मुलखात पोट भरायला गेल्यावर पहिला रस्ता उरत नाही.

शब्दाची किंमत काय असते हे आपल्या या चिमुकल्या प्रदेशाने जगाला दाखवलंय. १७७९ च्या तहानंतर पेशव्यांनी पोर्तुगीजांना इथली गावं दिली, १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी. वर्षाला १२,००० रुपये उत्पन्नाची. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झालं. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, आमच्या मालकीच्या गावांना जायचा रस्ता भारत अडवतो म्हणून. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. न्यायाधीशांनी तहाचे वेगवेगळे पाठ आणि सनदा तपासल्या. मराठे जेव्हा सार्वभौमत्व द्यायचे तेव्हा 'कायमचं दिलं' असे स्पष्ट शब्द वापरायचे, ते इथं नाहीत. इथं दिलेली होती ती महसुलापुरती जहागीर, सरंजाम. असं न्यायालयाने म्हटलं. पुढे इंग्रजांच्या काळात पोर्तुगीजांची सत्ता गृहीत धरली गेली हेही मान्य केलं, आणि साध्या प्रवाशांना, मुलकी अधिकाऱ्यांना व मालाला जाण्यायेण्याचा हक्क होता, पण सैन्य, सशस्त्र पोलिस आणि शस्त्रं यांना नव्हता, आणि भारताने काही नियमबाह्य केलं नाही, असा निकाल दिला. जहागीर, सरंजाम हे फारसी शब्द, सनद अरबी, कागद मराठ्यांचे, भांडण पोर्तुगालचं, आणि ते शब्द हेगमध्ये बसून परदेशी न्यायाधीशांनी लावले. पुणे दरबारच्या कुठल्या कारकुनाने तो मजकूर लिहिला असेल, त्याला माहीत तरी होतं का, की पावणेदोनशे वर्षांनी आपला एकेक शब्द असा तोलला जाईल?

म्हणून मंडळी, ज्यांच्या घरातलं कुणी आखातात जायच्या तयारीत असेल त्यांनी एवढं करा.

एक, एजंट नोंदणीकृत आहे की नाही ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत बघा. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे ती नोंदणी सक्तीची आहे. दोन, पैसे रोखीने देऊ नका, पावती घ्या. तीन, अरबी कागदाची प्रत जायच्या आधी मागा आणि पेशाचा रकाना वाचवून घ्या. ऐन-अलिफ-मीम-लाम दिसलं तर तो आमिल. फे-नून-ये दिसलं तर फन्नी. मीम-हे-नून-दाल-सीन दिसलं तर मुहंदिस. चार, पगाराचा आकडा स्वतः वाचा. शून्य ते नऊ, दहाच चिन्हं आहेत, अर्ध्या तासात येतात. आणि जो शब्द तुमच्या शिक्षणाला धरून आहे तोच मागा. फन्नी हा काही कमी शब्द नाही. 'फन' म्हणजे कला, फनकार त्यातलाच.

दर रविवारी सकाळी दहा ते अकरा मी घरीच असतो. कागद घेऊन या. मला कळलं तर मी सांगेन, नाही कळलं तर भाईसाहेबांच्या दुकानात जाऊ. ते आता ऐंशीला आलेत पण नजर अजून शाबूत आहे. फी काही नाही. चहा मात्र तुमच्याकडून.

आणि जुन्या मंडळींना एक विनंती. कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांचा पोर्तुगीज काळातला किंवा त्याआधीचा कागद असेल, मोडीतला, गुजरातीतला, पोर्तुगीजमधला, तर त्याचा फोटो खाली टाका. टाकताना खाते क्रमांक किंवा सर्व्हे नंबर झाकायला विसरू नका, हे बँकवाल्याचं सांगणं. त्यात 'अंमल', 'मामला', 'सनद', 'अंदाज' असा कुठला शब्द सापडला तर त्याच्यावर पुढच्या वेळी लिहीन.

तुमचा,
सुरंगीचा निवृत्त मुहासिब